बॉम्बरच्या नाकावरची माणसं

मंडळी, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बॅसिंगबोर्न तळावर टोनी स्टार्सर नावाचा एक अमेरिकन कॉर्पोरल होता. त्याने शंभराहून अधिक बॉम्बर विमानांच्या नाकावर चित्रं रंगवली. विमान सरकारचं, त्याच्या शेपटीवर सरकारी नंबर. पण त्यात बसून जर्मनीवर जाणाऱ्या दहा पोरांना, आपण परत येऊ की नाही हेच ठाऊक नसायचं. नंबरावर कोण जीव लावणार? मग कुणी प्रेयसीचं नाव द्यायचं, कुणी गावाचं, कुणी नुसताच चावटपणा करायचा. वरिष्ठ कधी रागवायचे, बहुतेक वेळा डोळेझाक करायचे.

स्टार्सरचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘मेम्फिस बेल’. वैमानिक रॉबर्ट मॉर्गनची वाग्दत्त वधू मार्गारेट पोक मेम्फिसची, तिच्यावरून हे नाव. चित्रातली मुलगी मात्र मार्गारेट नव्हे. ती जॉर्ज पेटी या चित्रकाराने एका मासिकासाठी काढलेली, हातात टेलिफोन धरून बसलेली सुंदरी. स्टार्सरने ती विमानाच्या दोन्ही बाजूंना उतरवली, एकीकडे निळ्या कपड्यांत, दुसरीकडे लाल.

मे १९४३ मध्ये मॉर्गनच्या चमूच्या २५ मोहिमा पुऱ्या झाल्या. त्या काळी २५ झाल्या की सुटका, पण तिथवर पोचणारे थोडे. सरकारने विमान आणि चमू दोन्ही अमेरिकेत परत नेले आणि गावोगाव मिरवले. त्याच दौऱ्यात मॉर्गन आणि मार्गारेटचं ठरलेलं लग्न मोडलं! देशभरातली वर्तमानपत्रं ज्या प्रेमकथेवर रकाने भरत होती, ती आतून संपलेली होती. पुढे २४ नोव्हेंबर १९४४ ला टोकियोवर बी-२९ विमानांचा पहिला हल्ला झाला, तेव्हा मॉर्गन सगळ्यात पुढच्या विमानात होता. त्या विमानाचं नाव ‘डॉन्टलेस डॉटी’. डॉटी म्हणजे डोरोथी, त्याची नवी बायको. गडी मोठा हिशेबी म्हणायचा.

युद्ध संपल्यावर ‘मेम्फिस बेल’ भंगारात निघालं होतं. मेम्फिस शहराने ते ३५० डॉलरला विकत घेतलं. आज ते ओहायोतल्या डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

आता दुसरं नाव. इथे चित्र नाही, नुसती अक्षरं. ५ ऑगस्ट १९४५, पॅसिफिक महासागरातलं टिनियन बेट. कर्नल पॉल टिबेट्सने एका बी-२९ वर आपल्या आईचं नाव रंगवून घेतलं: ‘एनोला गे’. बाप म्हणत होता, विमानं उडवू नकोस. पाठीशी उभी राहिली ती आई, असं तो सांगायचा. एरवी हे विमान रॉबर्ट लुईस उडवायचा. त्याने ती अक्षरं पाहिली आणि तो भडकला. पण ६ ऑगस्टला हिरोशिमाकडे निघालेल्या त्या विमानात तो मुकाट सहवैमानिकाच्या जागेवर बसला.

नागासाकीवर गेलेल्या ‘बॉक्सकार’वर (इंग्रजीत बॉक्सकार म्हणजे मालगाडीचा डबा) त्या दिवशी चित्र नव्हतंच. पंख लावलेला मालगाडीचा डबा, अमेरिकेतल्या सॉल्ट लेकहून नागासाकीला निघालेला, हे चित्र परतल्यावर काढलं. स्टार्सरची सुंदरी मी समजू शकतो. निघताना पोटात गोळा आलेल्या पोरांना काहीतरी हवंच होतं. हा डबा मात्र काम उरकल्यानंतरचा, आणि तो मला आजही बघवत नाही.