केसाचा हात, मांसाचा हात

(दृश्य: नागपूर, पहाट. टेम्पोतून बोकड उतरताहेत.)

रविवारी नागपुरात मटण लागतंच. मोमीनपुऱ्यात, मंगळवारी नावाच्या बाजारात सकाळपासून दुकानांपुढे माणसं उभी. "ताजं आहे ना?" एवढंच जो तो विचारतो. कापलं कसं, हे कुणी विचारत नाही. आणि सगळं अडतं तिथेच.

निरोगी बोकडाचं मांस आतून जवळपास जंतुरहित असतं. जंतू असतात केसांत, खुरांना चिकटलेल्या लेंड्यांत आणि आतड्यांत. ई. कोलाय, साल्मोनेला यांचं ते घरच. ही घाण मांसाला लागू न देणं, ही कत्तलखान्याची खरी स्वच्छता. चकचकीत टाइल्सचं कौतुक नंतर.

(दृश्य: टांगलेलं धड. सुरा जवळून.)

हा कारागीर बघा. कातडीला बारीक चीर दिली, पातं उलटं धरलं आणि आतून बाहेर ओढलं. बाहेरून आत कापलं असतं, तर केस नि मळ थेट मांसात गेले असते. आता मूठ आत घालून तो कातडं सोडवतोय. डावा हात केसाचा, उजवा मांसाचा. हात बदलायचाच तर आधी धुवायचा. सुरे दोन: एक हातात, दुसरा 82 अंशांच्या गरम पाण्यात.

पोट फाडण्याआधी अन्ननलिका आणि गुदाकडचं टोक घट्ट बांधतात. सगळी मदार या गाठींवर. गाठ सुटली किंवा सुऱ्याचं टोक आतड्याला लागलं, की हात आपसूक पाण्याच्या पाइपाकडे जातो. डाग जातो, जंतू मात्र धडभर पसरतात. तेवढा तुकडा कापून टाकणं हा उपाय. पण वजन घटतं, म्हणून जिवावर येतं. एकाच फडक्यानं सगळी धडं पुसणं तर त्याहून वाईट.

कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांत जनावराला कापण्याआधी 24 तास विश्रांती सांगितली आहे. ही निव्वळ भूतदया नाही. दमल्या-घाबरल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. मग मांस पुरेसं आम्ल होत नाही आणि लवकर बिघडतं. पशुवैद्यकानं तासाला 12 पेक्षा आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, असंही त्यात आहे. सणाच्या आदल्या रात्री टेम्पोमागे टेम्पो लागतात, तेव्हा या आकड्यांचा कस लागतो.

(दृश्य: दुपार. दुकानात आकड्याला टांगलेलं मटण.)

आणि त्यात नागपूरचा मे महिना. पोषक तापमानात ई. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. नुसत्या गणितानं, नऊ वाजता एक असेल तर बारा वाजता 512. बर्फ नाही, शीतपेटी नाही, वर उन्हाची झळ.

सावजी रस्सा तासभर रटरटतो, त्यात हे जंतू टिकत नाहीत. म्हणून आपलं निभतं. पण कच्चं मटण नळाखाली धुताना शिंतोडे ओट्यावर उडतात, त्याच विळीवर कांदा-लिंबू चिरलं जातं, आणि तो कांदा कच्चाच ताटात येतो. दोन दिवसांनी पोट बिघडलं, की दोष बिचाऱ्या तिखटाला.