पहिले पाच सोडा, शेवटचे पाच सांगा

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय: कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोण किती मिनिटं खेळणार, हे आधी कसं ओळखायचं. इथे अमेरिकेत ऑक्टोबर आला की हा उद्योग घरोघरी चालतो. पहिला सामना नोव्हेंबरात, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये संघ तयार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! भांडा खुशाल, पण भांडायच्या आधी बेरीज करा, एवढंच माझं मागणं आहे.

एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज २००. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच जण. पुरुषांचे वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात. महिलांचे २०१५-१६ पासून दहा-दहाचे चार क्वार्टर. आपल्याकडे भारतात फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी खेळतात, तेही दहा-दहाचे चारच. कुठूनही मोजा, २०० येणार. ओव्हरटाइम झाला तर पाच मिनिटांचे आणखी २५. एनबीए या व्यावसायिक लीगचा सामना ४८ मिनिटांचा, म्हणून तिथे २४०.

आता एक नमुन्याची यादी ऐका, अशा तुम्ही पाचपन्नास पाहिल्या असतील. पॉइंट गार्ड ३४ मिनिटं, दुसरा गार्ड ३३, विंग ३२, पॉवर फॉरवर्ड ३०, सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच गडी, ३०. सहावा माणूस, म्हणजे बेंचवरून पहिला उतरणारा, २५. नवा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा पोरगा, २२, कारण ‘पोरात दम आहे हो’. पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलून, आलेला २०, कारण त्याला उगाच थोडंच आणलंय? दुसरा सेंटर १५, बिचारा. करा बेरीज: २४१. कॉलेजचा संघ आणि एनबीएपेक्षाही एक मिनिट जास्त!

इथेच घोडं पेंड खातं. ‘या पोराला २२ मिनिटं मिळतील’ हे अर्धंच वाक्य झालं. ती कोणाच्या ताटातून काढायची, हे सांगितलं की वाक्य पुरं होतं. वरच्या यादीत ४१ मिनिटं कापायची आहेत. कोणाची कापणार, असं विचारलं की मघाशी तावातावाने बोलणारा माणूस एकदम चहाचं बघायला उठतो.

जाता जाता एक खोच सांगतो, कारण शहाणीसुरती माणसंही इथे फसतात. मागच्या वर्षीच्या सरासऱ्या उतरवून घेतल्या तर त्यांचीही बेरीज २००च्या वर जाते. छापील सरासरी फक्त खेळलेल्या सामन्यांची असते. ३२ पैकी १० सामने खेळून दुखापतीने बसलेल्या पोराच्या नावापुढे ‘२० मिनिटं’ दिसतात, पण हंगामाच्या हिशेबात तो पडतो सव्वासहा मिनिटांचा. म्हणून एकूण मिनिटं घ्या आणि संघाच्या एकूण सामन्यांनी भागा. नोव्हेंबरातले दुबळ्या संघांविरुद्धचे चाळीस-चाळीस गुणांचे विजयही बाजूला काढा. त्या सामन्यांत शेवटची आठ मिनिटं हौशे-नवशे-गवशे सगळे उतरलेले असतात.

आता माझी जुनी तक्रार. लोक विचारतात, ‘स्टार्टिंग फाइव्ह कोण?’ हो, नावं पुकारतात, दिवे मंद होतात, टाळ्या पडतात, आपल्याला ते मुंडावळ्यांइतकं महत्त्वाचं वाटतं. सिनियर नाइटला, म्हणजे घरच्या शेवटच्या सामन्याला, कितीतरी कोच चार वर्षं बेंचवर काढलेल्या पोरांना मानाने सुरुवातीला उतरवतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत परत बोलावतात. पहिल्या पाचात असणं आणि खेळणं यांचं नातं इतपतच.

याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे केंटकी विद्यापीठाचा २०१४-१५ चा संघ. हा जरा सविस्तर सांगतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये. कोच जॉन कालिपारी यांच्याकडे त्या वर्षी गुणवत्तेचा नुसता पूर होता. कोणत्याही दुसऱ्या कॉलेजात सहज पहिल्या पाचात बसतील अशी दहा पोरं एका बेंचवर. त्यांनी सरळ दोन तुकड्या पाडल्या, निळी आणि पांढरी. निळीत हॅरिसन जुळे भाऊ, अलेक्स पॉयथ्रेस, कार्ल-अँथनी टाउन्स आणि विली कॉली-स्टाइन. पांढरीत टायलर युलिस, डेव्हिन बुकर, ट्रे लायल्स, मार्कस ली आणि डकारी जॉन्सन. चार-चार मिनिटांनी आख्खी तुकडी बदलायची. पाच बाहेर, पाच आत, पंगत उठावी आणि दुसरी बसावी तशी.

भाकीत करणाऱ्याला यापेक्षा सोपं काय हवं? २०० भागिले १०, प्रत्येकाला वीस. नोव्हेंबरात त्यांनी कॅन्ससला ७२-४० असं लोळवलं तेव्हा पांढऱ्या तुकडीलाही टॉप टेनमध्ये जागा द्या, असं लोक अर्धं थट्टेने आणि अर्धं खरंच म्हणत होते. मग डिसेंबरात सरावात पॉयथ्रेसच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. दहाचे नऊ झाले. पंगतीत एक पाट रिकामा राहिला की दुसरी पंगत पुरी बसत नाही. तुकड्या संपल्या आणि नेहमीसारखं एकेकाला आत-बाहेर करणं सुरू झालं. मिनिटांची वाटणी मात्र सपाटच राहिली. ३८ सामने सलग जिंकून हा संघ फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला.

आता आकडे बघा. टाउन्सची सरासरी साधारण २१ मिनिटं, आणि त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिला निवडला गेला. बुकरचीही तेवढीच, आणि तो ३८ सामन्यांत एकदाही पहिल्या पाचात नव्हता. त्याच बुकरने दोन वर्षांनी एनबीएच्या एका सामन्यात ७० गुण केले. आता सांगा, स्टार्टिंग फाइव्हची यादी घेऊन काय करायचं? लोणचं घालायचं?

सपाट वाटणीचं दुसरं टोक म्हणजे आयोवामधलं ग्रिनेल कॉलेज. डिव्हिजन थ्री, म्हणजे तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही. तिथले कोच डेव्हिड आर्सनो यांच्या पद्धतीत आइस हॉकीसारखं मिनिटभराच्या आत पाचही जण बदलायचे, जोरात प्रेस करायचं (समोरच्याला मैदानभर घेरायचं) आणि धडाधड तीन गुणांचे शॉट मारायचे. सगळ्यांना खेळायला मिळावं, हा त्यातला एक हेतू. आणि त्याच कॉलेजच्या जॅक टेलरने २० नोव्हेंबर २०१२ ला एकट्याने १०८ शॉट मारून १३८ गुण केले. खेळला किती? ३६ मिनिटं. समाजवादात एखाद्या रात्री असंही होतं.

तर कोचचा पिंड आधी बघा. सिरॅक्यूजचे जिम बोहाइम वर्षानुवर्षं टू-थ्री झोन खेळवत: बचावात पुढे दोन, मागे तीन, आणि प्रत्येकाने माणूस नाही तर आपली जागा सांभाळायची. झोनमध्ये माणसामागे पळापळ कमी असते, फाउलही तुलनेने कमी होतात, म्हणून सहा-सात जणांत काम भागतं. २०१७-१८ मध्ये त्यांच्या टायस बॅटलची सरासरी जवळजवळ ३९ मिनिटं होती! याउलट नोलन रिचर्डसन यांचं आर्कान्सा. पूर्ण मैदानभर प्रेस करून त्यांनी १९९४ चं विजेतेपद घेतलं. तशा खेळाला नऊ-दहा ताज्या पायांच्या जोड्या लागतातच. कोच बदलला की पोरं तीच असूनही मिनिटं बदलतात, ती यामुळे.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं’. बाहेर बटाटेवडे तळून झालेत, असंही खाली लिहिलंय. बरं. मग जे सांगायला बोलावलं होतं ते भरभर सांगतो, कागद काढा.

दहा उभे रकाने, म्हणजे सामन्याचे चार-चार मिनिटांचे तुकडे; पाच आडव्या ओळी, म्हणजे मैदानावरच्या पाच जागा. पन्नास चौकोन झाले, प्रत्येक चौकोन चार मिनिटांचा. चारच का? पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक हाफमध्ये घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर पहिल्यांदा खेळ थांबला की टीव्हीचा टाइमआउट होतो, आणि बहुतेक बदल त्याच्याच आसपास होतात. २८ मिनिटांचा खेळाडू म्हणजे सात चौकोन. पन्नासच्या वर चौकोन नाहीत, त्यामुळे २४१ची भानगड कागदावरच मिटते.

भरायला सुरुवात शेवटच्या रकान्यापासून. अटीतटीच्या सामन्यात शेवटची चार मिनिटं कोण? ज्याच्या हातात चेंडू सुरक्षित आहे, ज्याचे फ्री थ्रो पडतात आणि ज्याला बचावात लपवावं लागत नाही, तो. हे पाच नक्की झाले की निम्मा कागद आपोआप भरतो. मग पहिला रकाना. मधले आठ सगळ्यात शेवटी.

सेंटरची ओळ वेगळी ठेवा. तिथे दहाच चौकोन. सहा आणि चार अशी वाटणी केली की संपलं, तिसऱ्या सेंटरला शून्य. दोघांना एकत्र उतरवू म्हणाल, तर त्यातल्या एकाला लांबून शॉट मारता आला पाहिजे, नाहीतर एका म्यानात दोन तलवारी. प्रत्येक रकान्यात चेंडू पुढे नेणारा निदान एक आहे ना, तेही तपासा.

फाउल. पाच झाले की बाहेर. ४० मिनिटांमागे सहा फाउल करणारा सेंटर गणिताने ३३ मिनिटं टिकतो. प्रत्यक्षात पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बरेच कोच त्याला विश्रांतीपर्यंत बेंचवरून उठवतच नाहीत, म्हणून त्याचे सहाच चौकोन धरा. दोन फाउलनंतर कोण कोच किती धीर धरतो, तो आकडा केन पॉमरॉय या आकडेतज्ज्ञाच्या साइटवर मिळतो.

पोर्टल. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बसावं लागे. २०२१ मध्ये पहिली बदली मोकळी झाली, २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. त्यामुळे मागचं वर्ष हा आधार पातळ झालाय. लहान कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दुबळ्या कॉलेजांच्या गटात, ३४ मिनिटं खेळलेल्याला मोठ्या ठिकाणी २४ पासून सुरुवात करून द्या. त्याचे रिबाउंड आणि पास बऱ्यापैकी टिकतात, गुण मात्र घसरतात, कारण समोरचा माणूस आता सहा फूट आठ इंचांचा असतो. फ्रेशमनचं सोपं आहे. शाळेतून येणाऱ्यांच्या क्रमवारीत देशातल्या पहिल्या दहांतला असेल तर सरळ चौकोन द्या, शंभराच्या बाहेरचा असेल तर आधी जागा रिकामी दाखवा.

पाच जणांच्या जोडणीचे प्लस-मायनस आकडे, म्हणजे ते मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे, बघून हुरळू नका. नऊ खेळाडूंतून पाचांच्या १२६ जोडण्या होतात. एखादी जोडणी हंगामात तासभर एकत्र खेळली, तर ती प्रत्येक बाजूला शंभरेक पझेशन, म्हणजे चेंडू हाती येण्याच्या शंभरेक पाळ्या, झाली. तेवढ्यात समोरच्याचे चार लांबचे शॉट पडले की नाही, यावर आकड्याची खूण उलटते.

शेवटचं, उभ्याउभ्या. प्रमुख तिघांसाठी एकेक दुसरा कागद ठेवा. २० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ३६व्या सेकंदाला फाटला, गुडघा दुखावला आणि पुढचे पाच सामनेही तो बाहेर होता. तशा वेळी त्याचे आठ चौकोन उचलून दहाव्या खेळाडूला देऊ नका. एक-एक चौकोन आधीच खेळणाऱ्या चौघा-पाचांकडे जातो, उरलेले सातव्या-आठव्याकडे. दहावा होता तिथेच बसतो. प्रश्न वड्यांनंतर घेऊ.