पाव मैलाची धाव

पडद्यावर दिसतोय तो लॉस एंजेलिसच्या बंदराजवळचा विल्मिंग्टन भाग. कंटेनरच्या उतरंडी, ट्रकची रांग, रेल्वेचे रूळ. इथेच 1955 पासून 1972 पर्यंत लायन्स ड्रॅग स्ट्रिप होती, म्हणजे ड्रॅग रेसिंगची, सरळ रेषेतल्या शर्यतीची पट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि पाव मैल, म्हणजे 402 मीटर, नाकासमोर सुटायच्या. वळण नाही, फेऱ्या नाहीत. आपल्या घाटात बैलगाडा सेकंदावर पळतो ना, त्याच जातकुळीचा हा खेळ. मेहनत वर्षभराची, निकाल दहा-बारा सेकंदांत.

आसपासच्या लायन्स क्लबांनी ही पट्टी उभी करायला हातभार लावला तो काही शर्यतीच्या वेडापायी नव्हे. पोरं रात्री-अपरात्री भर रस्त्यात गाड्या पळवत होती, जीव जात होते. त्यांना हक्काची जागा द्या, असा साधा विचार.

आता ही पोरं पळवत काय होती? 1932 मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं, 65 अश्वशक्तीचं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलानं मिळायला लागल्या होत्या, आणि सैन्यात इंजिनं खोलायला शिकलेले तरुण घरी परतले होते. मग काय! मडगार्ड काढलं, बॉनेट उडवलं, बंपर फेकला. टप कापून बुटका केला. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन आले, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. झाली हॉट रॉड तयार. बिल बर्क नावाच्या पठ्ठ्यानं तर लढाऊ विमानाची जादा इंधनाची टाकी आणली, तिच्यातच इंजिन बसवलं, चाकं लावली आणि वाळवंटातल्या कोरड्या, सपाट तळ्यावर पळवली.

तळी शहरापासून लांब पडायची. 1950 मध्ये सी. जे. हार्ट यांनी सांता आनाच्या विमानतळाची एक धावपट्टी रविवारपुरती मिळवली, प्रवेशाला 50 सेंट लावले आणि वेळ मोजायला यंत्र बसवलं. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली. खेळाला नियम आले, गाड्यांची तपासणी सुरू झाली.

लायन्सचं वैशिष्ट्य मात्र तिथल्या हवेत होतं. पट्टी जवळपास समुद्रसपाटीला, रात्री खाऱ्या वाऱ्याचा गारवा. गार हवा दाट असते, इंजिनाला प्राणवायू जास्त मिळतो, ताकद वाढते. त्यात इंधन नायट्रोमिथेन. ते स्वतःच प्राणवायू घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. सायलेन्सर नाहीच. आवाज कानाआधी छातीत घुसायचा आणि धुरानं डोळे चुरचुरायचे. लोक त्यासाठीच तर यायचे!

8 मार्च 1970. नामवंत चालक डॉन गार्लिट्स सुटण्याच्या रेषेवर. त्या काळी ड्रॅगस्टरचं, म्हणजे खास या शर्यतीसाठी बांधलेल्या लांबलचक गाडीचं, इंजिन पुढे असायचं आणि चालक अगदी मागे, मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे. गिअरबॉक्स म्हणजे थेट पायांपाशी. गाडी सुटली आणि गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. दुसरा कुणी असता तर खेळ सोडला असता. या गृहस्थानं हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या इंजिन चालकाच्या मागे न्यायचं ठरवलं. 1971 मध्ये मागे इंजिन असलेली नवी गाडी घेऊन त्यानं पोमोनाची विंटरनॅशनल्स ही एनएचआरएची मोठी शर्यत जिंकली. मग सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला.

लायन्सच्या भोवती वस्ती वाढली, आवाजाच्या तक्रारी वाढल्या. 2 डिसेंबर 1972 ला शेवटची शर्यत झाली. टॉप फ्युएलमध्ये, म्हणजे नायट्रोमिथेनवर पळणाऱ्या सर्वांत वेगवान ड्रॅगस्टरच्या वर्गात, कार्ल ओल्सन जिंकला, पण त्या रात्री लोकांचं लक्ष निकालापेक्षा आठवण म्हणून काय उचलून नेता येईल याकडेच जास्त होतं. आसपासच्या इतर पट्ट्यांपैकी अर्विनडेलची 1977 मध्ये गेली, ऑरेंज काउंटीची 1983 मध्ये. पोमोना टिकलं, ते मुळात जत्रेचं मैदान.

गाड्यांचं नशीब मात्र फळफळलं. 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या, बड्या लोकांच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात हॉट रॉडला पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला. भंगारातून उठलेली गाडी हिरवळीवर बुगाटीच्या पंगतीला बसली. मान मिळाला हे चांगलंच झालं, पण आरशासारखा रंग लावून दोरीआड उभी केलेली हॉट रॉड बघताना जरा चुकल्यासारखं वाटतं. ती पळायला हवी.

पळताना बघायचीच असेल, तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर जा. 1937 साली स्थापन झालेली एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना आजही तिथे शर्यती भरवते. हंगाम साधारण मे ते नोव्हेंबर, तळ्यात पाणी साचलेलं नसेल तर. सावलीला काही नाही, तेव्हा टोपी आणि प्यायचं पाणी बरोबर ठेवा. धूळ तर खावीच लागेल.