पूर येण्याआधीची मदत

नमस्कार, श्रोतेहो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर पोचली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हेच पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. मात्र चिखली-आंबेवाडीपासून शिरोळच्या कृष्णाकाठापर्यंत घर आणि गोठा सांभाळणाऱ्या बाईची इशारा पातळी यापेक्षा बरीच आधी येते. ओढ्याचे पाणी शेताच्या वाटेवर चढले की ती म्हशींची दावी सोडण्याच्या तयारीला लागते, पिठाचा डबा माळ्यावर चढवते आणि शेजारच्या एकट्या म्हातारीला कोण उचलून नेणार, हे ठरवून टाकते. गल्लीत कोण गरोदर आहे, कुणाची भिंत मातीची आहे, याची यादी बचत गटातल्या दहा-बारा जणींच्या डोक्यात कायमची तयार असते. पूरव्यवस्थापनाच्या कागदांत या माहितीला जागा नाही, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आपल्याकडे मदत पाणी ओसरल्यावर येते. २०१९ साली राज्यभरातून मनापासून आलेली मदत आपण पाहिली, आणि रस्त्याकडेला भिजत पडलेले जुन्या साड्यांचे ढीगही पाहिले. गावातल्या बायकांना कुणी आधी विचारले असते, तर त्यांनी साड्यांऐवजी वैरण, सॅनिटरी पॅड आणि निवारा केंद्रात आतून कडी लागणारे स्वच्छतागृह मागितले असते.

पंचनाम्याचेही तसेच आहे. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. ऊस लावणारी, भांगलणारी आणि पूर उतरल्यावर कुजलेले पीक रानाबाहेर काढणारी बाई बहुतेक वेळा त्या कागदावर नसते. नवरा वारल्यावर वारस नोंद रखडली असेल, तर तिची अवस्था आणखी बिकट होते. म्हणूनच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा जो ठराव केला, त्याकडे मी पुराच्याही नजरेने पाहते. कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची सक्ती थांबली, तर ती बाई चारचौघांत बसू शकते, गटाची अध्यक्ष होऊ शकते आणि तलाठ्यासमोर वारस नोंदीचा अर्ज घेऊन उभी राहू शकते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. समतेचे काम आणि पुराचे काम वेगवेगळे मानणाऱ्यांनी हेरवाडला एकदा जाऊन यावे.

अशा गटांच्या हाती पैसा का पोचत नाही? कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. परंतु हा निधी घेणारी संस्था नोंदणीकृत लागते, आणि ती कंपनीची स्वतःची नसेल तर तिच्यामागे तीन वर्षांचे काम असावे लागते. साध्या बचत गटाकडे यांतले काहीच नसते. परदेशी देणगी घेणारी मोठी संस्था पूर्वी त्यातला वाटा छोट्या संस्थांना देऊ शकत होती, पण परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने तेही बंद झाले. हिशेब चोख हवा, यात वाद नाही. पण नियम लिहिताना वही सांभाळणारी बाई कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, असे मला वाटते.

त्या वहीबद्दल थोडे सांगते. मी गटांच्या हिशेबाला मदत करते. एका पुरात एका गटाची इतिवृत्ताची वही भिजली आणि शाईचे नुसते निळे डाग उरले. पुढे कर्जासाठी गेलेल्या या बायकांना मागच्या बैठकांच्या नोंदी आणायला सांगण्यात आले. त्यांनी प्रत्येकीच्या पासबुकावरून आणि आठवणीतून सगळे पुन्हा लिहून काढले, तेव्हा एकाही रुपयाचा फरक निघाला नाही. तरीही मंजुरीला इतका उशीर झाला, की तोवर दोघींनी म्हशी विकल्या होत्या.

गटांवर विश्वास टाकल्याने काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरबांधणीसाठी महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. शासन आणि घरमालक यांच्यातला दुवा त्या झाल्या. त्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळी भागात एकरभर जमिनीवर, बायकांच्या निर्णयाने, आधी घरच्या ताटासाठी धान्य-भाजी पिकवण्याची पद्धत रुजवली. आपल्या उसाच्या पट्ट्यात ती जशीच्या तशी चालणार नाही. पण काय पेरायचे हे बाईने ठरवावे, एवढा भाग उचलायला हरकत नाही.

तेव्हा कारखाने, बँका, दूध संस्था आणि तालीम मंडळे चालवणाऱ्या श्रोत्यांना माझी विनंती आहे की, गटांसाठीची रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती मे महिन्यातच द्यावी आणि वैरण, नावेचे भाडे की औषधे, हे गटाला ठरवू द्यावे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातला किती पैसा पूरतयारीला ठेवला, हा प्रश्न ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विचारता येतो, आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते. ते इतिवृत्त मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावे.

नमस्कार.