आधी घर, मग घरमालक

मंडळी, सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आठ-दहा मुलांना घेऊन एका मोकळ्या जागेत फिरत होतो. एका मुलीनं पान उलटलं आणि ती ओरडली, "हे काय आहे?" मी लगेच नाव सांगितलं. हौसेनं शास्त्रीय नावही सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली, पान सोडून दिलं आणि पुढं निघाली. तिचा प्रश्न मी उत्तर देऊन मारून टाकला होता. मी गप्प बसलो असतो तर ती तिथंच रेंगाळली असती, आणि कदाचित तिनंच विचारलं असतं की हा किडा पानाच्या पाठीमागंच का, वर का नाही?

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी घर पाहायचं, घरमालकाचं नाव मागाहून. पाठ्यपुस्तकात 'अधिवास' हा शब्द आला की शेजारी जंगल, वाळवंट, समुद्र यांची चित्रं असतात. मुलाची समजूत होते की अधिवास म्हणजे कुठंतरी लांबची गोष्ट. अहो, अंगणातल्या एका दगडाला दोन अधिवास असतात. वरची बाजू तापलेली, कोरडी, लख्ख उजेडातली. खालची गार, ओलसर, काळोखी. मधे अंतर चार बोटांचं, पण वर राहणारा खाली राहत नाही आणि खालचा वर आला तर दिवसभर टिकत नाही.

त्या दगडाखाली बऱ्याचदा एक राखाडी जीव सापडतो, बोट लागलं की अंगाची गोळी करणारा. सगळे त्याला किडा म्हणतात. मुलांना म्हणावं, पाय मोजा. कीटकाला सहा असतात, याला सात जोड्या, म्हणजे चौदा. हा खेकडा आणि कोळंबीच्या गोतावळ्यातला, जमिनीवर राहायला आलेला. पण श्वास घेण्याची त्याची सोय अजून कल्ल्यांच्या धर्तीचीच आहे, आणि ती ओली राहिली तरच चालते. एवढं कळलं की तो दगडाखाली का, हे वेगळं सांगावं लागत नाही. तरीही सांगू नकाच, करून बघू द्या. एका पसरट डब्यात अर्ध्या भागात ओला टिपकागद, अर्ध्या भागात कोरडा. मधोमध दहा जीव सोडायचे आणि पंधरा मिनिटांनी मोजायचे. मग मुलं स्वतःच म्हणतात, आता अर्धा डबा झाकून अंधार करून बघू. ही दुसरी सूचना त्यांच्याकडून आली की तुमचं काम झालं. खेळ संपल्यावर सगळे त्याच दगडाखाली परत. दगडही होता तसाच ठेवायचा. छप्पर उघडं टाकून निघून जाणारा पाहुणा कुणालाच नको असतो.

आता कोणी म्हणेल, घराभोवती असं बघण्यासारखं असतं तरी किती? चार्ल्स डार्विनचं उदाहरण घ्या. जगप्रवास करून आल्यावर हा माणूस पुढं देशाबाहेर गेला नाही. आयुष्यातली शेवटची चाळीस वर्षं त्यानं एकाच घरात काढली आणि पुष्कळसे प्रयोग त्या घराच्या आवारातच केले. जमिनीचा 3 फूट लांब, 2 फूट रुंद तुकडा खणून साफ केला आणि त्यात उगवेल त्या प्रत्येक तणाच्या रोपाला खूण केली. 357 रोपं उगवली. त्यांतली 295 मेली, बहुतेक गोगलगायींच्या जातकुळीतल्या जीवांनी आणि किड्यांनी खाल्ली. जगण्याची झुंज म्हणतात ती त्याला एका सतरंजीएवढ्या जागेत मोजता आली. दुसऱ्या वेळी एका छोट्या डबक्याच्या काठावरून तीन मोठे चमचे चिखल आणून अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला. कपभर चिखलातून 537 रोपं निघाली!

मला सगळ्यात आवडतो तो भुंग्यांचा किस्सा. बागेत नर भुंगे ठराविक वाटेनं उडतात आणि ठराविक जागी क्षणभर घोंघावतात, असं डार्विनला दिसलं. भुंग्यामागं एकटा कुठवर पळणार? त्यानं आपली पाच-सहा मुलं त्या वाटेवर जागोजागी उभी केली. आपल्या ठिकाणी भुंगा आला की ओरडायचं. संशोधन झालं आणि मुलांचा दंगाही झाला. पोरं बापाला मदत करत होती की बाप पोरांच्या खेळात शिरला होता, सांगणं अवघड आहे.

माझा आग्रह एवढाच, की जागा एकच ठेवा. दर आठवड्याला नवी बाग, नवी टेकडी नको. हातभर दोरीचा चौकोन घालून तोच वर्षभर पाहा. पहिल्या दोन-तीन वेळा मुलं कंटाळतात, आणि ते ठीक आहे. चौथ्या वेळी त्यांना फरक दिसायला लागतो: परवा इथं जाळं होतं, आज नाही. (चक्राकार जाळी विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात.) मग कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. तळाशी एक अळी जबडे वासून बसलेली असते. खड्ड्याची कड इतकी निसरडी, की मुंगीनं पाय टाकला की माती घसरलीच. पण हे खड्डे वळचणीखाली, भिंतीच्या आडोशालाच का असतात? एका मुलानं यावर महिनाभर काही उत्तर दिलं नाही. पाऊस पडून गेल्यावर तो आपणहून येऊन म्हणाला, "उघड्यावर केला असता तर बुजला असता." याहून चांगली परीक्षा मी कधी घेतलेली नाही.

काळजीचं थोडक्यात सांगतो. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडं कलता करायचा, म्हणजे खालून काही निघालंच तर ते पलीकडं जातं. बिळात हात घालायचा नाही. घरटं लांबून पाहायचं. गोम आणि वाणी यांतला फरक शिकवून ठेवा: गोमेच्या प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी, वाणीच्या बहुतेक वळ्यांना दोन. गोम चावते. आल्यावर साबणानं हात धुवायचे. आणि कृपा करून "ई, टाक ते!" असं म्हणू नका. किळस मुलं आपल्याकडूनच शिकतात. तुम्हाला खरंच भीती वाटत असेल तर तसं सांगा आणि दोन पावलं मागं उभे राहा.

अंगण नसेल तर? कुंडी उचलून बघा. भिंतीची फट आहे, पावसाळी पाइपाजवळचं शेवाळ आहे, खिडकीच्या कोपऱ्यात कोळी आहेच. जागा लहान असली की मुलं जास्त नीट बघतात, असा माझा तरी अनुभव आहे.

तुम्हाला विजेरी आणायला सांगितलं होतं. ती डोळ्यांजवळ धरायची, नजर आणि झोत एकाच रेषेत, आणि गवतावर सावकाश फिरवायची. जाळं न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परतवणारा पडदा असतो. त्यामुळं गवतात बारीक हिरवट ठिपके चमकतात. काही ठिपके दवाचे निघतील. जवळ जाऊन बघा. जो ठिपका पळेल तो कोळी. चला, बाहेर पुरेसा अंधार झालाय. मुलांना पुढं जाऊ द्या.