शिहॅलियन: पृथ्वी तोलणारा डोंगर

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या पर्थशरमध्ये शिहॅलियन नावाचा डोंगर आहे. उंची १०८३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरीच कमी. ब्रेझ ऑफ फॉसला गाडी लावायची. जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर. एकट्यानं जाण्यासारखा. डबा, पाणी, पावसाचं जाकीट हे तुम्हाला मी काय सांगणार? एवढंच सांगतो: निघताना कुणाला तरी सांगून निघा. परत सांगतो, सांगून निघा, आणि किती वाजता परतणार तेही सांगा.

आता खरी गोष्ट. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलाइन नावाचे खगोलशास्त्रज्ञ पृथ्वी तोलायला इथे आले. डोंगर ओळंब्याला आपल्याकडे किंचित ओढतो. किती ओढतो ते ताऱ्यांवरून मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वी किती जड ते काढायचं. पण तारे दिसतील तर ना! धुकं आणि पाऊस, पाऊस आणि धुकं. साहेब कित्येक महिने झोपडीत मुक्काम ठोकून होते. सोबत डंकन रॉबर्टसन नावाचा स्थानिक पोरगा. तो संध्याकाळी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा, तेवढीच करमणूक. अखेर काम संपलं, निरोपाची मेजवानी झाली, व्हिस्की वाहिली, आणि झोपडीनं पेट घेतला! त्यात डंकनचं फिडल जळालं. साहेबांनी लंडनहून त्याला नवं फिडल पाठवलं, आणि त्या फिडलवर डंकननं गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, गाणं रचलं, असं तिथले लोक सांगतात. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेचार पट निघाली, खरी साडेपाच. पण मला विचाराल तर फिडलचा हिशेब जास्त चोख झाला.

याच मोजणीत गणितज्ञ चार्ल्स हटननं सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. ट्रेकच्या नकाशावरच्या समोच्च रेषा, त्याच. आणि हो, संगीत डंकनचं असावं. हल्ली डोंगरावर स्पीकर लावून गाणी वाजवणारे भेटतात, तिथेही आणि राजगडावरही. मला वाटतं, अशांकडून जागेचं भाडं घ्यावं.

वर शेवटचा टप्पा नुसत्या धोंड्यांचा. गारगोटीसारखे फिकट, ओले झाले की निसरडे. माथा आला असं वाटतं, आणि पुढे आणखी धोंडे! धुक्यात तिथे वाट हरवते, म्हणून नकाशा आणि होकायंत्र हातात हवं. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते. डिसेंबरात तर साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी उजाडताच चढायला लागा आणि टॉर्च खिशात ठेवा.