९:४२ वर थांबलेलं घड्याळ

[पडद्याचा कोपरा, अगदी जवळून]

घड्याळ ९:४२ वर थांबलंय. माऊसचा बाण हलत नाही, पंखा मात्र फिरतोय. कालपर्यंत हाच लॅपटॉप धडधाकट होता. रात्रीच्या अपडेटमध्ये लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आला आणि सकाळपासून हे सुरू झालं.

पॉवरचं बटण लगेच दाबू नका. आधी ही वेळ टिपून ठेवा, पुढे ती लागणार आहे.

[कळफलक, कॅप्स लॉकचा दिवा]

आता कॅप्स लॉक. दिवा लागला-विझला, तर कर्नल जिवंत आहे. आपोआप लुकलुकत राहिला, तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकलेत. काहीच झालं नाही, तर मात्र कर्नल मेला असं धरून चालू नका. ग्राफिकल सत्रात हा दिवा लावण्याचं काम डेस्कटॉपकडे असतं, आणि अडकलेला कदाचित तोच असेल.

शेजारच्या मशीनवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून बघा. आत शिरता आलं, तर फक्त पडदा गेलाय आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. डिस्कचा दिवा सलग पेटलेला असेल, तर रॅम भरून स्वॅपची (डिस्कवरच्या जादा स्मृतीची) ओढाताण चालली असण्याचीही शक्यता आहे. त्याचा दोष कर्नलच्या माथी मारू नये.

[बोटं: ऑल्ट, प्रिंट स्क्रीन, मग एस, यू, बी]

ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी. काही लॅपटॉपवर एफएन कळही लागते. एस न लिहिलेला डेटा डिस्कवर ढकलतो, यू फाइल सिस्टम फक्त-वाचन करून ठेवतो, बी मशीन रीबूट करतो. सगळीकडे सहा अक्षरी मंत्र सांगतात, पण यातल्या कोणत्या कळा चालू द्यायच्या ते सिस-रिक्वेस्ट नावाचं सेटिंग ठरवतं. उबंटूत त्याची मूळ किंमत १७६ असते आणि तिच्यात शेवटची हीच तीन अक्षरं चालतात. किंमत १६ असेल, तर एकटा एस.

[ग्रबचा मेनू]

मशीन सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट. ग्रब म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा मेनू. त्याच्या प्रगत पर्यायांत आधीचा कर्नल तसाच पडून असतो. फेडोरा मूळ सेटिंगमध्ये तीन कर्नल ठेवतं. जुना निवडा आणि रोजचं काम रोजच्यासारखं करा. लॅपटॉप फॉरमॅट करण्याची घाई इथेच होते, आणि ती वाया जाते. नवी सिस्टम दोन अपडेटनंतर पुन्हा त्याच कर्नलवर येऊन थांबते.

जुन्यावरही हँग झालाच, तर रॅमची चाचणी रात्रभर लावा. फर्मवेअरचं (चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचं) पॅकेजही तपासा. ते कर्नलबरोबर पुढे जातं, पण जुना कर्नल निवडला म्हणून मागे येत नाही.

[काळा टर्मिनल, सरकत्या ओळी]

ही कमांड द्या: जर्नल-सीटीएल, डॅश के, डॅश बी, उणे एक. मागच्या बूटमधल्या कर्नलच्या नोंदी. आता ती वेळ आठवा. नोंदी ९:४२ च्या पुढेही चालू असतील, तर मशीन चालत होतं, गोठला होता पडदा. त्याच सुमाराला तुटल्या असतील, तर सगळंच थांबलं. शेवटचा काही भाग गायबही असू शकतो. गंभीर नोंदी जर्नल लगेच डिस्कवर पक्क्या करतो, बाकीच्यांसाठी ५ मिनिटांपर्यंत थांबतो.

ओळींत काय शोधायचं? ‘सॉफ्ट लॉकअप’ म्हणजे सीपीयूचा एखादा कोअर २० सेकंदांहून जास्त कर्नलमध्ये अडकून पडला. ‘रिंग, टाइमआउट’ आणि शेजारी एएमडीजीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिपने दिलेलं काम पुरं केलं नाही. एनव्हिडिआचा ड्रायव्हर असेल, तर डीकेएमएस स्टेटस ही कमांड देऊन बघा, नव्या कर्नलसाठी त्याचं मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बनलंय की नाही ते कळेल.

लॉग कोरा असेल, तर बहुधा वीज वाचवणाऱ्या झोपा तपासाव्या लागतात. ग्रबमध्ये ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर (कर्नलला द्यायची सूचना) लिहा, मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. इंटेल ग्राफिक्ससाठी आय९१५ डॉट एनेबल अंडरस्कोर पीएसआर बरोबर शून्य. चित्र स्थिर असताना पॅनल स्वतःच्या स्मृतीतून ते दाखवत राहतं आणि ग्राफिक्सची वाट झोपते. हा पॅरामीटर ती झोप बंद करतो. एनव्हीएमई डिस्कलाही अशीच झोप असते, आणि सीपीयूला तर खोल-खोल पायऱ्यांची. इंटेलच्या बे ट्रेल चिप असलेले लॅपटॉप याच पायऱ्यांत गोठायचे. इंटेल-आयडल डॉट मॅक्स-सीस्टेट बरोबर एक दिलं की चालायचे.

एका बूटला एकच पॅरामीटर. पाच एकदम चिकटवले आणि हँग थांबलं, तर कशामुळे थांबलं ते कळत नाही, बॅटरी मात्र उतरत राहते.

[गिट बायसेक्टचा पडदा, शॉट लांब ठेवणे]

आता खरा शोध: नेमक्या कोणत्या बदलाने बिघडलं. कर्नलची नवी मुख्य आवृत्ती ९-१० आठवड्यांनी येते आणि तिच्यात साधारण १३ ते १५ हजार बदल असतात. गिट बायसेक्ट दर वेळी उरलेल्यांचे दोन भाग करतं. मधला कर्नल बनवा, चालवा, चांगला की वाईट ते सांगा. १४ च्या आसपास फेऱ्यांत एकच बदल उरतो.

सोर्सला हात लावण्याआधी तयार पॅकेजांवर अंतर कमी करून घ्या. उबंटूचे मेनलाइन कर्नल आणि फेडोराच्या कोजी या बिल्ड-साइटवरचे जुने बिल्ड त्यासाठी उपयोगी पडतात. मग मेक लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड: फक्त या क्षणी लोड झालेली मोड्यूल घेतली जातात, म्हणून बिल्डचा वेळ बराच घटतो. त्याआधी वायफाय, यूएसबी, हेडफोन सगळं जोडून घ्या, नाहीतर नव्या कर्नलमध्ये तेवढंच नसेल. स्वतः बनवलेल्या कर्नलवर डिजिटल सही नसते आणि सिक्युअर बूट असा कर्नल सुरू होऊ देत नाही, तेव्हा ते तात्पुरतं बंद.

फसतं ते ‘चांगला’ म्हणताना. ‘वाईट’ला पुरावा आहे, मशीन समोर गोठलंय. ‘चांगला’ हा नुसता अंदाज. सरासरी ६ तासांनी हँग होणारा लॅपटॉप १८ तास टिकला, तरी २० मध्ये एकदा तो योगायोग असतो. एक चुकीचा ‘चांगला’ आणि पुढच्या साऱ्या फेऱ्या भलत्याच गल्लीत. म्हणून सुरुवातीलाच हँग लवकर घडवून आणणारी कृती शोधा: व्हिडिओ चालवून थांबवणं, झाकण लावणं-उघडणं. बिल्डच होत नसेल, तर गिट बायसेक्ट स्किप. अंदाजाने उत्तर देऊ नका.

[चाळीस अक्षरांचा हॅश]

हा हॅश म्हणजे पहिल्या वाईट बदलाची ओळख. नव्या कर्नलवर तेवढाच उलटवा. हँग थांबलं, तर खात्री पटली. प्रॉक-सिस-कर्नल खालच्या टेंटेड फाइलमध्ये शून्य आहे ना, ते बघा. बाहेरचं मोड्यूल लोड असेल, तर तक्रार बाजूला पडू शकते. मग हॅश, लॉग आणि लॅपटॉपचं मॉडेल त्या ड्रायव्हरच्या मेलिंग लिस्टवर, प्रत रिग्रेशन्सच्या, म्हणजे चालतं ते मोडल्याच्या तक्रारींच्या, यादीला. चालत होतं ते अपडेटने मोडायचं नाही, हा कर्नलच्या विकासातला नियमच आहे.

तोवर उबंटूत जुना कर्नल एपीटी-मार्क होल्ड या कमांडने रोखता येतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही रोखल्या जातात. दुरुस्ती आली की होल्ड काढा आणि ईटीसी-डिफॉल्ट-ग्रबमध्ये कायमचा म्हणून पॅरामीटर लिहिला असेल, तर तोही.

[कोपऱ्यातलं घड्याळ, चालू]